लिंबू, गोड सोया सॉस आणि वीस मिनिटांचं भाषण

माझा खोकला ही माझी खासगी बाब आहे, असं मी सुरुवातीला समजत होतो. हा गैरसमज फार टिकला नाही. अमेरिकेत कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही, असं ठासून सांगणारे जे लोक आहेत, त्यांना एकदा टेक्ससमधल्या अर्विंग गावी, आमच्या गल्लीत, एप्रिल महिन्यात उभं करून खोकायला लावलं पाहिजे. बघता बघता दारं उघडतात आणि प्रत्येक दारातून एक औषध बाहेर येतं.

एप्रिलमध्ये इथे ओकच्या झाडांचे परागकण उडतात. गाड्यांवर, पायऱ्यांवर, टपालपेटीवर पिवळी पूड बसते आणि उरलेली माझ्या घशात जाते. एरवी मी खोकलो असतो आणि विषय संपला असता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे मी, आयुष्यात भरपूर खोकलो आहे. पण या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाचं मुख्य भाषण माझ्याकडे होतं.

आमच्या भागात नागपूर, पुणे, मुंबई, अमरावती अशी सगळीकडून आलेली आंबेडकरी मंडळी आहेत. दर एप्रिलमध्ये एखादा शनिवार गाठून हॉल घेतात, वंदना होते, मुलांची गाणी होतात, भाषण होतं आणि मग जेवण होतं. इतकी वर्षं मी जेवणाच्या रांगेपाशी उभा असायचो. “ताई, सध्या एकच गुलाबजाम घ्या, नंतर बघू,” हे माझं त्या व्यासपीठावरचं, म्हणजे व्यासपीठाखालचं, एकमेव वक्तृत्व. यंदा मात्र हर्षिताचा फोन आला. ही आमच्या संस्थेची अध्यक्ष, तिशीतली पोरगी, कामाला भारी तडफदार. म्हणाली, “जय भीम, काका. या वेळी तुम्ही बोला. ट्वेंटी मिनिट्स. आम्हाला तुमच्या जनरेशनचं ऐकायचंय.”

खरं सांगायचं तर हर्षिताच्या जनरेशनने ऐकलं काय आणि नाही काय, मला त्याचं एवढं नव्हतं. माझी मुलगी आन्या येणार होती. ती ऑस्टिनला वकील आहे. जन्म इथला, शिक्षण इथलं, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. कोर्टात ती दुसऱ्यांचं तासन्‌तास ऐकून घेते म्हणे. घरी मात्र मी “आमचे वडील...” एवढं म्हटलं की तिचा हात फोनकडे जातो. आमच्या वडिलांबद्दल मला तिला जे सांगायचं होतं, ते गेली वीस वर्षं ‘आमचे वडील’ या दोन शब्दांच्या पुढे सरकलं नव्हतं. स्टेजवरच्या माणसाचं ऐकावं लागतं, आजूबाजूचे बघत असतात. म्हणून मी भाषणाला हो म्हटलं आणि तिला फोन केला. ती म्हणाली, “शुअर बाबा, आय विल ड्राइव्ह अप. जस्ट कीप इट टाइट, ओके?” बापाला भाषण आवरतं घ्यायला सांगणारी ही पिढी! तरीही मी ओके म्हटलं. आणि त्याच आठवड्यात हा खोकला सुरू झाला.

आता श्रीरंगबद्दल सांगायला हवं, कारण तो मधे येणारच आहे. श्रीरंग चाळिशीतला, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, आणि त्याच्याकडे ‘बाबासाहेब आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या विषयावरचं प्रेझेंटेशन कायम तयार असतं. माझ्या खोकल्याची बातमी त्याला कोणी दिली माहीत नाही, पण तो रोज चौकशी करू लागला. “काका, कसं आहे आता? आवाज येतोय ना? यार, अजिबात स्ट्रेस घेऊ नका. नाहीच जमलं तर माझ्या स्लाइड्स रेडी आहेत.” इतक्या प्रेमाने माझ्या मरणाची वाट कोणी पाहिली नव्हती.

पहिला उपाय घरचाच. कमला म्हणाली, “मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा.” कमला म्हणजे माझी बायको, अकोल्याची. पण घरात गुळण्या केलेल्या तिला चालत नाहीत, बेसिन तिने घासलेलं असतं. म्हणून मी रोज सकाळी तांब्या घेऊन मागच्या अंगणात जाऊ लागलो. मोकळी हवा, वर आभाळ, मान मागे टाकून मी मनापासून गुळण्या करत होतो. तर गल्लीची देखरेख करणारी जी घरमालकांची संघटना आहे, त्यांची ईमेल आली. कोणा रहिवाशाने तक्रार केली होती की आमच्या अंगणात एखादं जनावर वेदनेने विव्हळतं. सबब आम्ही त्या प्राण्याची नोंदणी केली आहे का?

मी ताबडतोब उत्तर लिहिलं की आमच्याकडे प्राणी नाही, तो आवाज माझा आहे आणि मी या घराचा मालक आहे. त्यावर त्यांचं सभ्य उत्तर आलं, ‘कळवल्याबद्दल आभार, कृपया लसीकरणाचा दाखला जोडावा.’ मी संतापाने कापत होतो. कमला म्हणाली, “जोडा ना. कोविडचा आहे की.”

डॉक्टरकडे जावं म्हटलं तर फोनवर यंत्र बोलतं. ते विचारतं, तुम्हाला काय होतंय ते एका वाक्यात सांगा. मला एका वाक्यात सांगता येत असतं तर मी डॉक्टरकडे कशाला गेलो असतो? मी खोकलो. यंत्र म्हणालं, माफ करा, समजलं नाही. मी परत खोकलो. शेवटी एक जिवंत बाई आली आणि तिने मला मे महिन्यातली अपॉइंटमेंट दिली. मे महिन्यात मी एकतर बरा झालेला असेन किंवा श्रीरंगची स्लाइड बघत बसलेला असेन, हे मी तिला सांगितलं नाही.

गुळण्या चालूच होत्या. चौथ्या की पाचव्या सकाळी कुंपणापलीकडून एक डोकं वर आलं. आमच्या शेजारी इंडोनेशियाचं एक जोडपं राहतं, जावा बेटावरचं. बाईंचं नाव सुलास्त्री, नवऱ्याचं हार्योनो. त्यांच्याकडे मोठ्या बाईला इबू म्हणायचं, म्हणजे आई, आणि मोठ्या पुरुषाला पाक, म्हणजे वडील. इतकी वर्षं आमचं नातं कचऱ्याचे डबे कोणत्या वारी बाहेर काढायचे एवढ्यापुरतं होतं. इबू सुलास्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे पाहिलं, आणि आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या, “मीठ नाही. मीठ चूक. थांबा.”

आत जाऊन त्या एक वाटी घेऊन आल्या. वाटीत काकवीसारखं घट्ट काळं काहीतरी होतं आणि त्यात त्यांनी माझ्यासमोर लिंबू पिळलं. त्यांच्याकडचा गोड सोया सॉस. खोकल्यावर त्यांच्या देशात लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत हेच देतात म्हणे, चमचाभर, हळूहळू गिळायचं. सोया सॉस! जी वस्तू मी जन्मभर हॉटेलात फ्राइड राइसवर शिंपडली, ती हे लोक औषध म्हणून पितात आणि आपल्याला कोणी सांगितलंसुद्धा नाही. मी केवळ शेजारधर्म म्हणून एक चमचा घेतला.

घसा मोकळा झाला. मला याचा फार राग आला. कमलाची हळद, माझ्या आईचा अडुळसा, मराठवाड्यातल्या एका वैद्याची पुडी, या सगळ्यांना जे जमलं नव्हतं, ते फ्राइड राइसच्या सॉसने करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी इबू एक मोठी काचेची बाटली घेऊन दारात. आत पांढुरकं, दाटसर पेय. भिजवलेले तांदूळ आणि केंचुर नावाचं मूळ एकत्र वाटायचं, त्यात ताडगूळ आणि चिंच. हे केंचुर म्हणजे आल्याच्या घराण्यातलं बोटाएवढं मूळ; वास थोडा कापराचा, थोडा ओल्या मातीचा. त्यांनी ते कुंडीत लावलं होतं. दिवसातून तीनदा अर्धा कप, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आपल्या माणसाचा एक दोष आहे. दुसऱ्याचं औषध त्याला जसंच्या तसं घेववत नाही. इबूंची पाठ वळताच कमला म्हणाली, “यात ज्येष्ठमध काहून नाही?” आणि टाकला. मग फोनवर तिच्या बहिणीने अकोल्याहून सुंठ सुचवली. ती टाकली. मग व्हॉट्सॲपवर कोणीतरी विड्याचं पान सुचवलं. ते इबूंनीही सुचवलंच असतं, कारण त्यांच्याकडेही खोकल्याला पान उकळून देतात, पण ते या पेयात न टाकता स्वतंत्र देतात. आम्ही बाटलीत टाकलं. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या पेयाचा रंग हिरवट झाला होता आणि चव... चवीबद्दल मी बोलणार नाही. ते प्यायल्यावर मी इतका खोकलो की घरमालकांच्या संघटनेची पुन्हा ईमेल आली. या वेळी त्यांनी प्राण्याचं वजन विचारलं होतं.

तरी इथवर सगळं आटोक्यात होतं. खरा घोळ बाटलीने केला. बाटली रिकामी झाली, कमलाने ती घासली, पुसली आणि मग ती स्वयंपाकघरात हात कमरेवर ठेवून उभी राहिली. “रिकामी कशी परत द्यायची?”

हा आपल्याकडचा अलिखित कायदा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. मी म्हटलं, “अगं, ती औषधाची बाटली आहे. औषधाची बाटली लोक रिकामीच परत देतात.” कमलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिच्या माहेरचा कुळाचार मोडायला निघालोय. बाटलीबरोबर शेव-चिवड्याचा मोठा डबा गेला.

आता मला काय माहीत की जावा बेटावरही हाच कायदा आहे! दुसऱ्या दिवशी आमचा डबा परत आला आणि त्यात शेंगदाणे घातलेल्या कुरकुरीत तांदळाच्या पापड्या होत्या, खास घरी तळलेल्या. आणि सोबत बाटली, आधीपेक्षा मोठी, काठोकाठ भरलेली. आता बाटलीही आली आणि पापड्याही आल्या म्हटल्यावर कमलाने बेसनाचे लाडू केले. लाडू गेले, तर केळ्याची भजी आली. भजी आली, तर चकल्या गेल्या. रोज दुपारी माझ्या दारात औषध यायचं आणि त्याच पिशवीत खोकला वाढवणारा पदार्थ यायचा. मी औषध घ्यायचो आणि वर पापड्या खायचो, कारण पापड्या, मला कबूल केलंच पाहिजे, अप्रतिम होत्या. तळलेलं खाऊन घसा धरायचा. तो खोकला ऐकून इबू म्हणायच्या, बिचाऱ्याचं अजून कमी नाही, आणि आणखी मोठी बाटली यायची.

पलीकडून पाक हार्योनोही खोकू लागले. कमलाचा चिवडा तिखट असतो.

शेवटी मी स्वतः कुंपणाशी जाऊन सांगितलं, “इबू, खूप झालं. आता खरंच नको. पुरे.” हे बोलताना मी हात जोडले. इबू गोड हसल्या. त्यांच्याकडे, मला नंतर कळलं, अगदी आपल्यासारखंच आहे. पहिल्या ‘नको’ला कोणी नको समजत नाही. हात जोडून नको म्हटलं की याला दुप्पट हवंय पण मागायला लाजतोय, असा अर्थ होतो. मी स्वतः आयुष्यभर पाहुण्यांच्या ‘नको नको’वर पुरणपोळ्या वाढल्या आहेत. मला हे सुचायला हवं होतं. त्या दिवशी दोन बाटल्या आल्या आणि बाटल्यांबरोबर पाक हार्योनो आले.

पाक हार्योनो हे शांत, सडपातळ, निवृत्त गृहस्थ. त्यांचं निदान असं की माझ्या अंगात वारा शिरला आहे. वारा शिरला की तो पाठीतून बाहेर काढायचा असतो. त्यांनी खिशातून पाव डॉलरचं नाणं काढलं, एक उग्र वासाचं तेल काढलं आणि मला पालथं झोपायला सांगितलं. मी कमलाकडे पाहिलं. ती म्हणाली, “करून बघायला काय जातंय?” तिचं काहीच जात नव्हतं. पाठ माझी होती. त्यांनी तेल लावलं आणि नाण्याच्या कडेने मणक्यापासून बरगड्यांकडे तिरपे पट्टे ओढायला सुरुवात केली. मी ओरडलो. कमलाने माझे हात धरून ठेवले. पाक समाधानाने म्हणाले, “लाल झालं. खूप वारा होता.”

शनिवार आता दारात आला होता. हर्षिताचा फोन आला. मी “जय भीम” म्हणायला गेलो आणि मधेच खोकलो. ती म्हणाली, “काका, बॅड नका वाटून घेऊ. हॉलमध्ये सीनियर्स असतात, छोटी मुलं असतात. तुम्ही डॉक्टरला दाखवा. त्यांनी क्लिअर केलं तर तुम्ही बोला. नाहीतर मी श्रीरंगला सांगते.” पोरगी चुकीचं काही बोलत नव्हती, म्हणून मला जास्तच राग आला. पण रागावून काय करता? आन्या दोनशे मैलांवरून गाडी चालवत येणार आणि स्टेजवर श्रीरंग यंत्रमानवाचं चित्र दाखवणार! मी चप्पल घातली आणि ज्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लागत नाही अशा दवाखान्यात कमलाला घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होता, मुलीच्या वयाचा. त्याने नाकात काडी घालून चाचणी केली, ती चांगली निघाली. मग छाती तपासायची म्हणून माझा शर्ट मागून वर केला. शर्ट हळूच खाली केला. कमलाला म्हणाला, “मॅम, आपण जरा बाहेर बसाल का?” ती गेल्यावर त्याने दार लावलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि फार मृदू आवाजात विचारलं, “सर, तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का?”

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. प्रश्न इतका चांगला होता की मी जरा विचार केला. तो विचार करायला नको होता. डॉक्टरने मान हलवून काहीतरी टाइप केलं.

मी घाईने म्हटलं, “तसं नाही, हे माझ्या शेजाऱ्याने केलंय.”

“शेजाऱ्याने?”

“हो, नाण्याने. माझ्या संमतीने.”

“आणि तुमची पत्नी तेव्हा कुठे होती?”

“तिथेच. तिने माझे हात धरले होते.”

यानंतर मी काय बोललो ते महत्त्वाचं नाही. त्याने मला तीन पत्रकं दिली, त्यांपैकी एकावर एक उदास पुरुष खिडकीतून बाहेर बघत होता. पाठीवरच्या पट्ट्यांची गोष्ट समजावून सांगायला मला इतका वेळ लागला की खोकल्याबद्दल बोलायला वेळच उरला नाही. शेवटी दार उघडता उघडता तो म्हणाला, संसर्ग नाही, ॲलर्जी आहे, गर्दीत जायला हरकत नाही. आणि औषध? “मध घ्या,” तो म्हणाला. “किंवा घरगुती काही असेल तर ते.”

गाडीत कमलाने विचारलं, “मला बाहेर कशाला काढलं?” मी सांगितलं. घर येईपर्यंत तिने ती तिन्ही पत्रकं वाचून काढली. मग म्हणाली, “आणि तुम्ही विचार केलात?”

हर्षिताला डॉक्टरचं म्हणणं कळवलं. श्रीरंगचा ताबडतोब मेसेज आला, ‘सो हॅपी फॉर यू काका! तरी लॅपटॉप घेऊन येतोच.’ कमलाने त्या दिवशी इबूंच्या भांड्यांबरोबर खाण्याचं काही पाठवलं नाही, घरात मुळी रवा-बेसनच उरलं नव्हतं. तिने कार्यक्रमाची पत्रिका पाठवली. भांडं रिकामं गेलं नाही एवढंच.

शनिवारी सकाळी माझा घसा स्वच्छ होता. मी तळलेलं सोडलं होतं, हिरवा काढा ओतून दिला होता आणि इबूंचं पेय इबूंनी सांगितलं तसं, तेवढंच, घेतलं होतं. कमलाला हे सांगितलं नाही. हॉल भरलेला होता. दुसऱ्या रांगेत कडेला आन्या बसली होती, निळी साडी नेसून, आणि मी बघितलं तेव्हा तिच्या हातात फोन होता. तिसऱ्या रांगेत इबू सुलास्त्री आणि पाक हार्योनो, नटूनथटून, कोणी “जय भीम” म्हटलं की तेही हसून “जय भीम” म्हणत होते. मला फार बरं वाटलं. वंदना झाली, मुलांची गाणी झाली. मग हर्षिताने माझं नाव घेतलं.

टेक्ससमधला एसी हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. बाहेर माणसं घामाघूम होतात आणि आत लोकांना स्वेटर घालून बसावं लागतं. त्या हॉलच्या एसीचं तोंड, ज्याने कोणी ते बसवलं त्याला माझा नमस्कार, बरोबर माईकच्या वर होतं. मी “सन्माननीय अध्यक्ष” म्हटलं. “उपस्थित बंधू-भगिनी” म्हटलं. लोकशाहीवरचं एक लांबलचक वाक्य म्हटलं, जे मी दोन रात्री घासूनपुसून तयार केलं होतं. मग पान उलटलं, “आमचे वडील” म्हटलं आणि खोकला आला.

एकदा नाही. एकामागून एक. डोळ्यांतून पाणी, कागद खाली, हॉलमध्ये कुजबुज. माईक चालू असल्यामुळे मागच्या भिंतीवरचे स्पीकर माझ्याबरोबर खोकत होते. पहिल्या रांगेतल्या एका मावशींनी नाकाला पदर लावला. श्रीरंग उठला. लॅपटॉप त्याच्या काखेत उघडाच होता. हर्षिताने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मी हाताने थांबा थांबा म्हणत होतो. आन्या ताठ बसून माझ्याकडे बघत होती, आणि मला एवढंच कळत होतं की आता पुन्हा वीस वर्षं ‘आमचे वडील’च्या पुढे गोष्ट जाणार नाही.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून इबू सुलास्त्री निघाल्या. कोणाला काही न विचारता त्या पायऱ्या चढल्या, पर्समधून एक छोटी बाटली आणि चमचा काढला, बाटली हलवली, चमचा भरला आणि दोनशे माणसांसमोर माझ्या तोंडाजवळ धरला. “आ,” त्या म्हणाल्या.

मी अठ्ठावन्न वर्षांचा, एका कंपनीचा सीनियर इंजिनिअर, त्या दिवसाचा प्रमुख वक्ता. मी आ केला. लिंबू आणि गोड सोया सॉस गिळल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. लहान मुलं हसली. मग मोठीही हसली. इबूंनी रुमालाने माझी हनुवटी पुसली आणि त्या तिथेच, माईकच्या बाजूला, चमचा हातात धरून उभ्या राहिल्या. माझ्या प्रतिष्ठेचं जे काही उरलं होतं ते तेव्हा गेलं. आणि मी बघितलं की खाली पाक हार्योनो जागेवरून अर्धवट उठलेत आणि त्यांचा हात खिशात गेलाय. मी ताबडतोब बोलायला सुरुवात केली.

कागद खाली पडले होते. लोकशाहीवरची बाकीची वाक्यं त्यात होती, ती गेली. मी रागावलो होतो, एसीवर, श्रीरंगवर, खोकल्यावर, आणि त्या रागातच मी सरळ नागपूरला गेलो. म्हटलं, आमचे वडील मिलमध्ये होते. चौथी शिकलेले. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, कारण वस्तीतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. बायका भाजी निवडत ऐकायच्या. आमचे वडील नुसते वाचायचे नाहीत, वर्तमानपत्राशी भांडायचे. “हे खोटं आहे,” असं पेपरालाच सांगायचे. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी त्यात छापून आली, तर त्यांनी माझं नाव मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी तोच पेपर घेऊन पुन्हा वाचलं. त्याच लोकांना. लोक म्हणाले, काल ऐकलं की. ते म्हणाले, आज पुन्हा ऐका. त्यांनी तो पेपर इतके दिवस वाचला की शाई बोटांना लागून ते नाव पुसट झालं.

मला मागे काय झालं ते दिसलं नाही, कारण मी दुसऱ्या रांगेच्या कडेलाच बघत होतो. तिथे फोन नव्हता. मी वीस मिनिटांच्या पुष्कळ पुढे गेलो आणि हर्षिताने वेळ संपल्याची घंटी वाजवली नाही.

जेवताना माझ्याभोवती कोणी नव्हतं. सगळी गर्दी इबूंभोवती. सॉस कोणत्या दुकानात मिळतो, लिंबू किती, लहान मुलाला चालेल का. एकीने तर तिथल्या तिथे विचारलं की यात सुंठ घातली तर? मी दुरून “नका घालू!” असं ओरडलो, पण कोणी लक्ष दिलं नाही. श्रीरंगने इबूंबरोबर फोटो काढून घेतला.

पार्किंगमध्ये आन्या आमच्या गाडीला टेकून उभी होती. “बाबा,” ती म्हणाली, “यू वर ॲक्चुअली गुड.”

ॲक्चुअली! म्हणजे बाप चांगला बोलला हे आश्चर्य? मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “आजोबा रेड द पेपर टू द होल बस्ती? यू नेव्हर टोल्ड मी.”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. कधी सांगितलं नाही? हजार वेळा सुरुवात केली होती! जेवताना, गाडीत, तिच्या ग्रॅज्युएशनला! मी हे सगळं एका दमात सांगणार होतो, पण तिने फोन पर्समध्ये टाकला, पर्स गाडीच्या डिकीत ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. “ओके, सांग,” ती चक्क मराठीत म्हणाली. “सगळं. स्टार्टपासून.”

मी गाडीत बसलो आणि मागे वळून सुरू केलं. स्टिअरिंगवर कमला होती. ती म्हणाली, “अहो, आता तरी गप्प राहा. एवढं बोललात, वर ओरडलात. आवाज बसेल.”

“बसू दे!” मी म्हटलं. “सोमवारी ऑफिसात मला कोणाशी काय बोलायचंय?”